फाट्यावरचा फ्लेक्स आणि अमेरिकेची लाल गाडी

अमेरिकेतल्या लोकांनी त्यांच्या नव्या मसल कारवरचा पडदा संध्याकाळी ओढला, तेव्हा आमच्याकडे सकाळचे सात वाजले होते आणि मी गोठ्यात उकिडवा बसलो होतो. गोठ्यातच, कारण राहात्याच्या पुढं आमची वस्ती आहे तिथं मोबाईलला धड रेंज फक्त गव्हाणीच्या कोपऱ्यात येते. मागे आण्णा, म्हणजे माझे वडील, धार काढत होते. मोबाईलमध्ये कुणाचं लगीन लागलंय, असं त्यांनी दोनदा विचारून झालं होतं.

मसल कार म्हणजे काय, हे मी आण्णांना दहा वर्षं समजावतोय. दोन दारं, लांबच लांब बोनेट, आत आठ सिलिंडरचं इंजिन, आणि मागच्या सीटवर माणूस बसेल असा कुणाचाच आग्रह नाही. अशा एकाही गाडीला मी आजवर हात लावलेला नाही. माझी स्वतःची गाडी सेकंडहँड, तिची डावी काच दोन तळहातांत धरून वर ओढावी लागते. पण आमच्या गाडीवेड्यांच्या ग्रुपवर अमेरिकेतली कुठलीही नवी गाडी आली की पहिलं मत माझं जातं, आणि लोक ते ऐकतात. न पाहिलेल्या गाडीबद्दल माणूस फार मोकळेपणानं बोलू शकतो.

तर पडदा सरकला. आधी दिसलं ते तोंड. शर्यतीच्या बैलाला जुंपायच्या आधी दोघं जण वेसण धरून उभे असतात, तेव्हा तो मान खाली घालून वर बघतो ना, तशी ती गाडी बघत होती. दिवे बारीक, भुवया खाली ओढलेल्या. बोनेटच्या मधोमध फुगवटा, जणू खालचं इंजिन पत्र्याला आतून खांदा देतंय. बाजूनं पाहिलं तर कमरेपाशी बारीक आणि मागच्या चाकांवर एकदम रुंद. रंग लाल, पण आपल्या ट्रॅक्टरचा लाल नव्हे. पिकल्या डाळिंबाचं साल उन्हात धरल्यावर दिसतो तसा. दोन गोष्टी मला पटल्या नाहीत. एक, दाराची हँडलं पत्र्यात लपवलेली, ती आमच्या धुळीत आठ दिवसांत रुसून बसली असती. दुसरं, आतमध्ये घरातल्या टीव्हीएवढा पडदा. आणि आठ सिलिंडर मात्र त्यांनी सोडले नव्हते. चावी फिरली, आवाज झाला, आणि मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो गोठ्यात असा घुमला की गाईनं बादलीला लाथ घातली.

आण्णा म्हणाले, "तुझ्या गाडीनं दोन लिटर घालवलं बघ."

इथंच मोबाईल खिशात टाकून दुसरी बादली आणली असती, तर पुढचं काही घडलं नसतं. पण मग त्यांनी गाडी लिफ्टवर उचलली आणि तिचं पोट दाखवलं.

आता माझ्या पोटापाण्याचं सांगतो. नागापूरच्या एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये मी तपासनीस आहे, अकरा वर्षं. पत्र्याचे पार्ट दाबून, वाकवून, भोकं पाडून बाहेर येतात आणि ती भोकं जागेवर आहेत का, हे मी गेज लावून बघतो. त्यातला एक पार्ट, तळहाताएवढा, तीन भोकांचा ब्रॅकेट, थेट अमेरिकेला जातो. तो कुठल्या यंत्राला लागतो हे आम्हाला कुणी सांगत नाही. ड्रॉइंगवर नुसता नंबर असतो. शिवाय या गिऱ्हाइकाच्या मालाबद्दल बाहेर एक अक्षर बोलणार नाही, असा एक कागद आम्ही सगळ्यांनी सही करून दिलेला आहे. न वाचता, अर्थात.

लाल गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या नळीपाशी, मला माझा ब्रॅकेट दिसला. लग्नाच्या गर्दीत पाठमोरी बायको ओळखावी, तसा मी तो ओळखला. (एकदा ती भलतीच कुणाची बायको निघाली होती, हे तेव्हा आठवायला हवं होतं.) मी व्हिडिओ थांबवला, मागे घेतला, परत थांबवला. तीन भोकं. तेच वळण. छाती अशी भरून आली की अकरा वर्षांची भोकं एकदम डोळ्यांसमोरून गेली.

मग मी ग्रुपवर सहा मिनिटांचा ऑडिओ टाकला. तोंड, कंबर, आवाज, हँडलं, सगळं सांगितलं आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणालो की मंडळी, या गाडीच्या पोटात आपल्या नागापूरचा ब्रॅकेट आहे, माझ्या हातून पास झालेला. पुरावा म्हणून फोटोही जोडला. मागं कधीतरी एक पार्ट वाकडा आला होता, तेव्हा सुपरवायझरला दाखवायला शॉपमध्येच काढलेला. पार्टला अडकवलेल्या पिवळ्या टॅगवरचा नंबर त्यात स्वच्छ वाचता येत होता.

दुपारपर्यंत मी मोठा माणूस झालो होतो. संध्याकाळी जामखेडहून मेव्हण्याचा मेसेज आला, "हे ऐका दाजी, लई भारी माहिती सांगितलीय एकानं," आणि खाली माझाच ऑडिओ. आण्णांनी डेअरीवर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मी नागापूरला खोलीवर परतलो आणि त्याच दिवशी आमच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. तो शाळेतल्या मित्रानं लावला, त्याचं फ्लेक्स छपाईचंच दुकान आहे. त्यानं फोटो पाठवला. वर तीन वेळा अभिनंदन. मध्ये लाल गाडी. तिच्या बोनेटला टेकून मी, म्हणजे डोकं माझं आणि बाकी अंग कुठल्यातरी सूटवाल्याचं. आणि कोपऱ्यात, माझ्या डोक्याच्या दुप्पट आकाराचा, ब्रॅकेट. टॅगसकट.

कौतुकानं तो फोटो बघत असताना पहिल्यांदा तो सही केलेला कागद आठवला. बायकोला सगळं सांगितलं. बायको म्हणाली, ऑडिओ डिलीट करा. केला, पण तोवर तो गावोगाव फिरला होता, माझा राहिलाच नव्हता. मित्राला फोन केला. तो संगमनेरला मेव्हणीच्या लग्नात होता, शिडी दुकानात कुलपात, आल्यावर बघू म्हणाला. मग म्हणाला, एवढं काय झालं, फाट्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स महिना महिना राहतात.

मंगळवारी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. कळलं असणार, असं धरूनच गेलो. पण ते हसत होते. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाचा माणूस उद्या ऑडिटला येतोय, ब्रॅकेटचं पुढच्या वर्षाचं काम आपल्याकडे ठेवायचं की दुसरीकडे न्यायचं, हे तोच ठरवणार आहे, असं त्यांनी सांगितलं. त्या लाईनवर आम्ही एकोणीस जण. काम गेलं तर लाईन बंद. मग म्हणाले, "विमान शिर्डीला उतरतं. माझी गाडी घेऊन तू जा आणायला. तुला गाड्यांतलं कळतं, थोडंफार इंग्रजी येतं. त्याला बोलण्यात ठेव."

शिर्डी ते नागापूर रस्ता आमच्या फाट्यावरूनच जातो.

संध्याकाळी आण्णांना फोन लावला. फ्लेक्स उतरवा, असं सांगायचं होतं. त्यांनी फोन उचलल्या उचलल्या सुरू केलं की एसटीतले लोक फ्लेक्स बघून मान वळवतात, पतसंस्थेच्या चेअरमननी त्यांना थांबवून चहा पाजला, आणि ज्यांचं पोरगं दुबईला आहे ते शेजारी दोन दिवस दुसऱ्या वाटेनं जातायत. मी ऐकत राहिलो. शेवटी एवढंच म्हणालो की उद्या अकराच्या सुमाराला अमेरिकेचा साहेब आपल्या फाट्यावरून जाणार आहे. फ्लेक्सचं सांगायचं राहूनच गेलं. सकाळी जाताना आपणच वर चढून फ्लेक्स सोडवू, असं ठरवलं आणि गाडीत कोयता टाकला. आण्णांनी मात्र ते ऐकून लगेच फोन ठेवला होता, ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

सकाळी आठला फाट्यावर पोचलो तर फ्लेक्सच्या खाली सडा मारलेला. फ्लेक्सला झेंडूची माळ. आण्णा धुवट धोतर-टोपीत उभे आणि आजूबाजूला पंधरा-वीस माणसं. बाकड्यावर ताटात टोपी, टॉवेल, नारळ, शाल. आमच्याकडे आमदार येवो की गुरांचा डॉक्टर बदलून जावो, एवढं झाल्याशिवाय माणसाला कुणी सोडत नाही.

मी आण्णांना बाजूला घेतलं, साहेब घाईत आहे, थांबायचा नाही, असं चाचरत सांगितलं.

"तू नको थांबू," आण्णा म्हणाले. "आमी थांबवतो."

एवढ्या माणसांदेखत कोयता काढायची हिंमत झाली नाही. विमानाची वेळही झाली होती. निघालो.

साहेब साठीचा, उंच, पांढऱ्या मिशा, बोलायला कमी. पुढच्या सीटवर बसला तर गुडघे डॅशबोर्डला टेकले. त्याला बोलण्यात ठेवायचं होतं म्हणून मी लाल गाडीचा विषय काढला. तो म्हणाला, बघितली, बरी आहे, त्याला स्वतःला जुन्या आवडतात. एरवी मी त्यावर तासभर वाद घातला असता. पण माझं सगळं लक्ष रस्त्यावर होतं. विमानतळावरून आतला एक रस्ता आहे, तो आमच्या फाट्याला बगल देऊन पुढं हायवेला मिळतो. मी हळूच तिकडं वळलो. सहा किलोमीटरवर उसाची ट्रॉली आडवी झाली होती, अर्धा रस्ता उसानं भरलेला, क्रेन यायची होती. साहेबानं घड्याळ बघितलं. मी गाडी वळवली. वळवताना घाईत चालत्या इंजिनावर परत स्टार्टर मारला. तो कर्रर्र आवाज ऐकून साहेबानं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

राहाता मागे पडलं. वेग वाढवून सरळ निघून जायचं, हा शेवटचा विचार होता. फाटा आला तेव्हा रस्त्याच्या मधोमध आण्णा उभे होते, एसटीला करतात तसा हात करून. बापाच्या अंगावर गाडी घालता येत नाही. ब्रेक लावला.

पुढचं फार झटपट झालं. साहेबाला दार उघडून उतरवलं, टोपी घातली, ती त्याच्या डोक्यावर वाटीएवढी दिसली, गळ्यात टॉवेल, अंगावर शाल, हातात नारळ. टाळ्या झाल्या. तो बिचारा हसत, वाकून वाकून नमस्कार करत होता. मग त्यानं वर बघितलं.

खूप वेळ बघितलं. त्या सूटमधला माणूस कोण, असं मला विचारलं. मी म्हणालो, डोकं माझं आहे. मग बोट कोपऱ्यातल्या ब्रॅकेटवर गेलं, तिथून टॅगवर, आणि टोपीखालचं हसू मावळलं. त्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखव, म्हणाला.

मराठी त्याला येत नव्हतं. इंग्रजी तिथल्या वीस जणांत माझ्याशिवाय कुणाला येत नव्हतं. सुस्वागतम् लिहिलंय, असं म्हणून सुटता आलं असतं. पण खोटं बोलायचं तर इंग्रजी चांगलं लागतं, सुचेल ते जोडत जावं लागतं, आणि माझं संपत आलं होतं. शिवाय आण्णा माझ्या तोंडाकडे असे बघत होते की जणू मी अमेरिकेशीच बोलतोय. मी खरं सांगून टाकलं. लाल गाडी, तिचं पोट, ऑडिओ, फोटो, सही केलेला कागद. तो ऐकत होता. नारळ या हातातून त्या हातात गेला, तेवढंच.

"काय म्हणतोय?" आण्णांनी विचारलं.

"फ्लेक्स आवडला म्हणतोय," मी म्हणालो. मराठीत खोटं बोलायला मला काहीच अडचण नव्हती.

तिथून नागापूरपर्यंतचे दीड तास मी कसे काढले, विचारू नका. साहेब माझ्या शेजारी. शाल नीट घडी करून मांडीवर, नारळ पायांत, आणि टोपी काढायची त्याला आठवण राहिली नव्हती किंवा ती काढावी की नाही हे कळत नव्हतं. मनातल्या मनात मी लाईनवरची एकोणीस तोंडं मोजत होतो. वेल्डिंगवाल्याची मुलगी यंदा बारावीला. गाळ्यातला सगळ्यात जुना प्रेस ऑपरेटर, त्याची निवृत्ती दीड वर्षावर. हे सगळं मी एका ऑडिओत उडवलं होतं. राहुरीच्या पुढं त्यानं एकच विचारलं, त्या गाडीच्या पोटाचा फोटो मोबाईलमध्ये आहे का. आहे, म्हणालो.

कंपनीत मालक गुच्छ घेऊन उभे. साहेब त्यांना हात मिळवून सरळ माझ्या टेबलाकडे गेला. ब्रॅकेट मागितला, गेज मागितलं, माझा मोबाईल मागितला. मोबाईलवरचं चित्र बोटांनी मोठं केलं आणि माझ्यासमोर धरलं.

"तू तपासनीस आहेस," तो म्हणाला. "तपास."

मी तपासलं. आधी प्रेमानं बघितलं होतं, आता नोकरीनं बघितलं. भोकं दोनच होती. तिसरं म्हणजे बोल्टच्या डोक्याची सावली. वळण उजवीकडे होतं, आमचं डावीकडे. माझ्या टेबलावर तो पार्ट आला असता तर मी दोन सेकंदांत नापास मालाच्या लाल पेटीत टाकला असता.

"आपला नाही," मी म्हणालो.

तेव्हा त्यानं सांगितलं की त्यांच्या कंपनीचा त्या गाडीशी काही संबंध नाही. आमचा ब्रॅकेट गवत कापायच्या मशीनला लागतो. चालवणारा बसतो त्या सीटच्या खाली.

मग ऑडिओचं आणि फ्लेक्सचंही निघालं, आणि मागे उभ्या मालकांना सगळं समजलं. गुच्छ त्यांच्या हातात उलटा लोंबत होता. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

गाडी चुकली म्हणून गुन्हा चुकला नव्हता. शॉपमध्ये मोबाईल आला कसा, टॅगचा फोटो हायवेवर लागला कसा, हे साहेबानं लिहून घेतलं. कारण शोधायची आमच्याकडे एक रीत आहे. चूक झाली की फॉर्मवर पाच वेळा "का?" विचारायचं आणि प्रत्येक उत्तरावर पुढचा का. दुसऱ्यांच्या चुकांचे असे फॉर्म मी शेकड्यांनी भरून घेतलेत. साहेब म्हणाला, हा तू तुझा भर. मालक एवढंच म्हणाले, "आधी कागद पूर्ण कर. मग तुझं काय करायचं ते ठरवतो."

फोटो बाहेर का गेला? मी ग्रुपवर टाकला म्हणून. का टाकला? पार्ट त्या गाडीत आहे असं वाटलं म्हणून. का वाटलं? नीट मोजलं नाही म्हणून. का मोजलं नाही? तो आपलाच असावा अशी फार इच्छा होती म्हणून. पाचव्या ओळीपाशी पेन अडलं. एवढी इच्छा का होती? टेबलावर त्या दिवसाचे ब्रॅकेट रचून ठेवलेले होते. मी लिहिलं, अकरा वर्षं भोकं तपासतोय, पण पार्ट जातो कुठं हे कधी कुणी दाखवलं नाही.

साहेबानं मालकांकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं आणि ती ओळ दोनदा विचारली. आणखी दोन तास त्यानं सगळा शॉप बघितला, आणि ते दोन तास आम्ही एकोणीस जण एकमेकांकडे न बघता काम करत होतो. माझा ऑडिओ बाकीच्यांनी आधीच ऐकला होता, गवताच्या मशीनचं तोवर कळलं होतं. जुन्या प्रेस ऑपरेटरनं जाता जाता माझ्या कानाशी एवढंच म्हटलं, "गवताचं मशीन व्हय? आन् आमी तुझ्या त्या लाल गाडीच्या नादानं चार दिवस जास्ती माल काढला."

चार वाजता निकाल लागला. काम राहिलं, दोन अटींवर. फ्लेक्सवरचा पार्टचा फोटो त्याच दिवशी निघाला पाहिजे, आणि शॉपमध्ये यापुढे कुणाचा मोबाईल येता कामा नये. मालकांनी मला काढलं नाही. दोन महिन्यांसाठी तपासणीच्या टेबलावरून उठवून गेटवर बसवलं, येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाईल काढून पेटीत ठेवायला. एकही जण मोबाईल देताना मला सोडत नाही. "बघ बरं, ह्यात कुठं गाडी दिसती का," असं म्हणून देतात.

त्याच संध्याकाळी मी फाट्यावर गेलो. मित्र शिडी घेऊन आला होता. ब्रॅकेटचा चौकोन कापायचा होता, पण मला आता अख्खा फ्लेक्सच उतरवायचा होता आणि त्यासाठी आण्णांना सांगणं भाग होतं. या वेळी शेवटपर्यंत सांगितलं. ब्रॅकेट त्या गाडीत नाही. माझी चूक झाली. काम थोडक्यात वाचलं. तो गवत कापायच्या मशीनला लागतो.

आण्णा टोपी काढून बाकड्यावर बसले. वाटलं, आता पेढ्यांचं काढतील, दुबईवाल्या शेजाऱ्याचं काढतील. 

"गवत?" ते म्हणाले. "माणूस बसून कापतो?"

"व्हय. सीट असते त्याला. सीटखाली आपला पार्ट."

"मग त्यो कामाचा हाय की रं. ह्या लाल गाडीत तर चाऱ्याची पेंढीबी मावली न्हाई."

फ्लेक्स त्यांनीच उतरवून घेतला आणि घरी आणून कडब्याच्या गंजीवर टाकला. अजून तिथं आहे. कोपऱ्यात ब्रॅकेट कापल्याचं चौकोनी भोक, त्यातून कडबा दिसतो, आणि बोनेटला टेकलेला मी आभाळाकडे बघत असतो.

परवा सुट्टीला गेलो तर ते मशीन दाखव म्हणाले. गोठ्यात, गव्हाणीच्या कोपऱ्यात, मी त्यांना व्हिडिओ लावून दिला. एक जाडजूड माणूस हिरव्यागार गवतावर मशीन फिरवत होता. आण्णा म्हणाले, एवढं गवत कापून नुसतं टाकून देतात, गाय न्हाई का त्यांच्याकडं? माझं लक्ष सीटच्या खाली होतं. वळणावर मशीन जरा कललं आणि तिथं, सावलीत, काहीतरी चमकलं. अंगठा थांबवायच्या बटणावर गेला.

मी मोबाईल आण्णांच्या हातात दिला आणि बादली उचलली.